दोरी उतरवली

चनबसप्पाचा कारखाना आणि माझं दुकान यांच्यात एकच भिंत आहे, तीही अर्ध्या विटेची. त्यामुळे त्याच्याकडे कोण आलं, काय मोडून आणलं आणि ते कुणाच्या हातनं मोडलं, हे मला जवळजवळ त्याच्याबरोबरच कळतं. कारखाना आपला म्हणायचा. पूर्वी तिथं हातमागाचे धोटे व्हायचे, टोपल्या भरभरून. माग गेले, धोटे गेले, चनबसप्पा राहिला. आता तो पाळणे, पोळपाट, पेटीची खोकी, जे लाकडाचं आहे आणि ज्याला दुसरं कुणी हात लावत नाही ते नीट करून देतो. मी शेंगाचटणी आणि कडक भाकरी विकते. चटणी चाखताना माणूस तोंड कसं करतो यावरून तो घरात कसा वागत असेल, याचा माझा अंदाज सहसा चुकत नाही. चनबसप्पा म्हणतो, अक्का, तुमची जीभ चटणीपेक्षा तिखट हाय. त्यानं दोन्ही चाखलंय, त्याला बोलायचा हक्क आहे.

संक्रांतीला भरणारी गड्ड्याची जत्रा उठून महिना होत आला होता. सोलापूरच्या बाळीवेशीत दुपारी बारानंतर जी सुस्ती उतरते, तिच्यात मी अर्धं शटर ओढून पेंगत होते. तेवढ्यात एक रिक्षा थांबली. रिक्षातून दोन्ही बाजूंनी काहीतरी लांबडं बाहेर आलेलं, चादरीत गुंडाळलेलं. एका टोकाला पन्नाशीचा गडी, दुसऱ्या टोकाला त्याची आई. आईनं चादरीवर तळवा असा ठेवलेला, की आत तापानं फणफणलेलं मूल असावं.

"हितं लाकडाचं काम करत्यात नव्हं?" गड्यानं विचारलं. मिशी निगुतीनं राखलेली, दंड मुदगल फिरवणाऱ्यासारखे, आणि उजव्या बाहीला बामाचा वास. बामाची मी मनात नोंद केली. एवढ्या जाड दंडाला बाम लागतो, म्हणजे दुखणं दंडात नसणार.

त्याचं नाव सोमशेखर. आईचं सुंदरम्मा. गाव अक्कलकोटच्या पुढचं, जिथं म्हशीला मराठीत हाकलतात आणि नवऱ्याला कानडीत, तसलं. गावच्या फाट्यावर त्याचं पाइप-मोटारींचं दुकान.

मी चटणीवर झाकण ठेवलं आणि त्यांच्या मागोमाग कारखान्यात शिरले. कुणी बोलावलं नव्हतं, पण कुणी अडवलंही नाही.

चनबसप्पानं चादर उलगडली. आत धनुष्य होतं. उभं केलं तर माझ्या कपाळाला लागेल एवढं, चिंचोक्याच्या रंगाचं, आणि मधोमध, जिथं मूठ धरायची तिथं, हळद-कुंकवाचा आणि तुपाचा एवढा जाड थर की लाकूड दिसेना. दोरीवरही तेच लाल-काळं किटण. आणि दोरी चढवलेली. धनुष्य चांगलं वाकलेलं, आत्ता कुणी बाण लावील अशा तयारीत.

चनबसप्पानं हात लावला नाही. खाली वाकून हुंगलं. मग एका टोकाला डोळा लावून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं. बराच वेळ बघितलं.

"धामणीचं लाकूड," तो म्हणाला. "कुनी केलं?"

"माझ्या पणज्यानं," सोमशेखर म्हणाला. "नुसतं शोभेचं न्हाय बरं का. चालतंय." आणि त्यानं गावाची रीत सांगितली. दसऱ्याच्या सांजेला यांच्या घरातल्या कर्त्या पुरुषानं देवळाच्या कट्ट्यावरून एक बाण सोडायचा. गावाची शीव तिथून एकशेवीस पावलांवर. शिवेपल्याड ज्याच्या रानात बाण पडेल, तिथून ज्वारीची पेर धरायची. पहिली तिफण तिथं. मग बाकीच्यांनी आपापल्या रानात हात घालायचा.

"आता कुठवर जातो बाण?" मी विचारलं.

सोमशेखरनं जमिनीकडे बघितलं. "शाळंच्या मैदानात पडतोय. गेल्या साली अठ्ठावन्न पावलं. गुंडा म्हनून भावकीतला हाय एक. त्यो मुद्दाम तिफन घिऊन मैदानात आला. म्हनला, हितंच पेरू की, पोरं हुरडा खात पाढे म्हनतील."

मला हसू आलं. बाकी कुणाला आलं नाही, म्हणून मी ते खोकल्यात घातलं.

"हाताला लई इलाज केले," तो म्हणाला. "मंगळवेढ्याला एक हाडं बसवनारा हाय, त्याच्याकडं तीन वर्सं गेलो. अव्वा रोज वाटीभर तूप वाढती. माझे आप्पा हुते तवर एकशेचाळीसच्या खाली कदी आले न्हाईत. मी कट्ट्यावर चढलो की आता बायकासुदा तोंडाला पदर लावत्यात. तवा म्हनलं, हाताचं काय व्हत न्हाय, निदान ह्येचा जोर वाडतोय का बगावं."

चनबसप्पानं त्याच्याकडे न बघता आईला विचारलं, "अव्वा, ही दोरी कवा उतरवली हुती?"

"उतरवत न्हाय आमी," सुंदरम्मा म्हणाली. जणू विचारणाऱ्याला एवढंही कळू नये.

मग तिनं सांगितलं. आवाज अगदी सपाट, रोज पोथी वाचणाऱ्या बाईचा असतो तसा. "दोन हजार एकचा दसरा. सकाळी ह्यांनी दोरी चढवली. सांजंला बान सोडला. घरी आले, सोनं वाटलं, जेवले. म्हनले, जरा पाठ टेकतो, मग दोरी उतरवतो. पाठ टेकली ती टेकलीच." तिनं दोरीच्या वरच्या टोकाकडे बोट केलं. तिथं किटणाखाली सुपारीएवढी गाठ होती. "त्यांच्या हातची हाय. तवाधरनं कुनाला हात लावू दिला न्हाय. रोज हळद-कुंकू. दसऱ्याला तूप."

कारखान्यात भुसा उन्हाच्या तिरिपेत तरंगत होता. धनुष्य चादरीवर वाकून पडलेलं, बावीस वर्षं एकाच बाणाची वाट बघत असल्यासारखं.

"लाकूड थकलंय, अव्वा," चनबसप्पा शेवटी म्हणाला. "दोरी उतरवल्याबिगर मला काय करता यायचं न्हाय."

"मग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली आणि चादरीची टोकं गोळा करायला लागली.

बस पाचला होती. ऊन एवढं की कुत्रीसुद्धा सावलीतून सावलीत उडी मारत होती, म्हणून मी दोघांना माझ्या दुकानात बसवलं. सोमशेखरनं चटणी चाखली, तोंड अजिबात वाकडं केलं नाही, आणि "मोटारीचं वायसर घिऊन येतो" म्हणून बाजारात गेला. जाताना पिशवीतून एक लांबट वही काढून फळीवर ठेवली. "सुताराला दावायला आनली हुती. खोटं वाटाय नको म्हनून."

आकड्यांची वही समोर असली की माझा हात आपोआप जातो. हा माझा दोष आहे आणि मी तो सुधारणार नाही. वही एकोणीसशे अठ्ठावन्नपासूनची. दर दसऱ्याला एक ओळ: साल, बाण कुणाच्या रानात, किती पावलं. आधी सासऱ्याचं किरटं अक्षर, मग नवऱ्याचं, शिवयोगींचं, मण्यांसारखं गोल. शेवटी सोमशेखरचं, घाईचं. मी आधी आकडेच वाचले. एकशेअडतीस, एकशेबेचाळीस, एकशेएकोणचाळीस. त्रेचाळीस वर्षं बाण याच दहाबारा पावलांच्या आत-बाहेर. आणि दोन हजार एकनंतर तो जिना उतरावा तसा उतरत गेलेला.

मग आकड्यांच्या पुढचे दोन शब्द दिसले. एकदा दिसल्यावर ते सगळीकडे दिसायला लागले.

मी वही घेऊन मागच्या दारानं कारखान्यात गेले. चनबसप्पा बिडी न पेटवता ओठात धरून बसला होता.

"तुम्हाला हुंगल्यावरच कळलं होतं ना?"

"व्हय."

"मग बोलला का नाही?"

"काय बोलू? बाई, तुमच्या मायेनं ह्याची पाठ मोडली आनि पोराची अब्रू गेली, असं? तुमी बोला. तुमची जीभ हाय की."

बावन्न वर्षांत मी लोकांना पुष्कळ गोष्टी तोंडावर सांगितल्यात. त्या दुपारी जीभ टाळ्याला चिकटली. मी परत येऊन बसले. सुंदरम्मा धनुष्य मांडीवर आडवं घेऊन भिंतीला टेकली होती, डोळे अर्धे मिटलेले.

"अव्वा, ही वही वाचलीय कधी?"

"मला मराठी वाचाय येत न्हाय. कानडी येतंय. चौतीपतोर."

"वाचून दाखवू?"

"वाचा की. बस पाचला हाय."

मी सुरुवातीपासून वाचायला लागले. तेवढंच माझ्या हातात होतं: जे लिहिलंय तेच वाचायचं, पदरचं काही घालायचं नाही.

"एकोणीसशे अठ्ठावन्न. बाण म्हसोबाच्या टेकाखाली. पावलं एकशेअडतीस. दोरी उतरवली. एकोणीसशे एकोणसाठ. बाण बसूच्या विहिरीजवळ. पावलं एकशेचाळीस. दोरी उतरवली."

पंखा कुरकुरत होता. रस्त्यावरून एक सायकल गेली, मग बराच वेळ काहीच गेलं नाही. मी वाचत राहिले आणि वर्षं दुकानातून एकामागून एक जायला लागली, अनवाणी, आवाज न करता. एकोणीसशे सदुसष्टला सासऱ्यानं लिहिलं होतं: नवी सून कट्ट्याशी उभी होती. एकशेएकोणचाळीस. दोरी उतरवली.

"हिरवा शालू हुता माझा," सुंदरम्मा डोळे न उघडता म्हणाली. "लई टोचत हुता."

बहात्तरला: पाऊस नाही, रानात ओल नाही, तरी बाण सोडला. एकशेचव्वेचाळीस. दोरी उतरवली. त्र्याहत्तरला: सोमशेखर झाला, बारा दिवसांचा आहे, बाण ऐकून दचकला. दोरी उतरवली. कुठल्याशा सालापासून ती माझ्याबरोबर म्हणायला लागली. मी पावलं म्हणायची आणि शेवटचे दोन शब्द ती म्हणायची, भजनात मागचे लोक धरतात तसे, अगदी हळू. दोरी उतरवली. रस्त्यापलीकडच्या पिंपळाची सावली शटरखालून आत आली. दोरी उतरवली. मला वाटायला लागलं की मी वाचत नाहीच. कुणीतरी माणूस संध्याकाळचा कट्ट्यावरून घरी येतोय, पायातल्या वहाणा काढतोय, आणि रोजचं एक काम केल्यासारखं ते करतोय, मग पुढच्या वर्षी पुन्हा येतोय.

"दोन हजार एक. बाण शिवेपलीकडे, म्हाळसाबाईच्या रानात. पावलं एकशेबेचाळीस."

मी थांबले. सुंदरम्मानं तोंड उघडलं होतं, तिच्या वाटणीचे शब्द म्हणायला. तिनं डोळे उघडले.

"फुडं?"

"पुढं काही नाही."

"दोरी?"

"लिहिलेलं नाही, अव्वा. ओळ तिथंच राहिलीय."

तिनं मान पुढं करून वहीत बघितलं. मग म्हणाली, "फुडच्या साली?"

"दोन हजार दोन. पावलं एकशेतेहतीस. दोन हजार तीन. एकशेसत्तावीस. चार. एकशेबावीस. पाच. एकशेसतरा. सहा..." आता शेवटचे दोन शब्द कुठल्याच ओळीत नव्हते. सोमशेखरला ते लिहायचं कारणच कधी पडलं नव्हतं. आकडे मात्र खाली खाली चाललेले, शाळेच्या मैदानाकडे.

"साकु," सुंदरम्मा म्हणाली. पुरे.

सोमशेखर दारात उभा होता, हातात वायसर. केव्हापासून, कोण जाणे. पण त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं, पुष्कळ ऐकलंय.

"सोमू, हिकडं ये."

तो आला, खाली बसला. तिनं त्याचा उजवा दंड धरला, बाजारात भोपळा दाबून बघतात तसा दाबला, वरून खालपर्यंत.

"हात चांगला हाय की रं तुझा."

"व्हय अव्वा."

"मग बावीस वर्सं तूप कशापायी खाल्लंस?"

"तू वाढत हुतीस म्हनून."

ती हसली नाही. तिनं दंड सोडलाही नाही. मला वाटलं आता रडेल, म्हणून मी पाण्याचा तांब्या पुढं केला, पण ती रडणाऱ्यांतली नव्हती. वहीत दोन हजार एकच्या ओळीवर बोट ठेवायला तिनं मला सांगितलं. मी ठेवलं. तिनं वेणीतलं शेवंतीचं एक फूल काढून त्या पानात ठेवलं आणि वही मिटली.

"पन गाठ सुटू द्यायची न्हाय," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही.

"गाठ सुटत न्हाय, अव्वा!" भिंतीतून आवाज आला. पलीकडून चनबसप्पा बोलत होता. "गाठीचा फास हाय त्यो! नुसता खाचंतनं सरकवायचा! गाठ हाय तशीच ऱ्हातीय!"

अर्ध्या विटेच्या भिंतीचे असेही फायदे असतात.

त्या संध्याकाळी मायलेक बसनं गेले आणि धनुष्य राहिलं. चनबसप्पानं तीन दिवस नुसतं पुसलं. कोमट पाण्यात फडकं पिळायचं, थरावर ठेवायचं, वाट बघायची, हलकेच उचलायचं. तूप, हळद, कुंकू, अबीर, एकेका दसऱ्याचा एकेक पापुद्रा. खाली लाकूड निघालं ते मधाच्या रंगाचं. आणि दोरी रेशमाची निघाली.

सोमवारी सुंदरम्मा लेकाबरोबर आली तर दारातच थबकली. "हिरवी हुती व्हय?"

"हिरवी," चनबसप्पा म्हणाला.

"माझ्या ध्यानात लाल हुती." ती जवळ आली. "म्हंजे त्या शालूच्या काठाचं रेशीम हाय ह्ये. टोचतंय म्हनून मी काठ उसवून ठिवला हुता. मला वाटलं, कुनी चोरलं." तिनं एका बोटानं ते रेशीम चाचपलं. "कदी बोलले न्हाईत."

दोरी उतरवताना एक मेख असते. फास खाचेतून निघायचा तर धनुष्य आहे त्याहून दोन बोटं जास्त वाकवावं लागतं. बावीस वर्षं वाकून राहिलेलं लाकूड आणखी दोन बोटं वाकेल की मोडेल, हे लाकडालाच ठाऊक. चनबसप्पानं ते लपवलं नाही. कापली तर? मी विचारलं. तो म्हणाला, एकदम सुटलं तर नक्की मोडंल, लाकडाला सावकाश सांगावं लागतंय.

त्यानं दोन चादरींच्या घड्या अंथरल्या, त्यावर धनुष्याची टोकं टेकवली, मूठ आपल्या गुडघ्याखाली घेतली. सोमशेखरनं एक टोक धरलं. वरच्या टोकाशी सुंदरम्मा बसली, अंगठ्यानं आणि दोन बोटांनी फास धरून. हात लावायचा तर तिनंच लावायचा, हे कुणी ठरवलं नव्हतं, पण दुसरं कुणी पुढं झालं नाही. मी दारात उभी राहिले. एक गिऱ्हाईक चटणी मागत आलं, त्याला मी हातानंच थोपवलं.

"निधान," चनबसप्पा म्हणाला, कानडीत, लाकडाला. सावकाश. गुडघा दाबत गेला. "निधान."

धनुष्यातून आवाज निघाला. म्हातारं माणूस बाजेवरून उठताना निघतो तसा, लांब. सोमशेखरनं डोळे मिटले. आणखी एकदा, आता बारीक, कट्. मुठीच्या वर एक केसासारखी चीर दिसली.

"अव्वा," चनबसप्पाचा आवाज अगदी खाली होता, "आता."

तिची बोटं हलली नाहीत. ती गाठीकडे बघत होती. तिचे ओठ हलले. मला दुकानातल्या त्या दुपारचे दोन शब्द वाटले, पण ते वेगळे होते. ती म्हणाली, "झोपा आता." आणि फास सरकवला.

आवाज झाला नाही. नुसता एक सूर आला, इतका खालचा की तो कानापेक्षा पायांना कळला, आणि भिंतीपलीकडे माझ्या बरण्या किंचित किणकिणल्या. चनबसप्पानं श्वास सोडला, गुडघा उचलला. धनुष्य मोडलं नव्हतं. पण सरळही झालं नव्हतं. दोरी नाही, काही नाही, तरी ते तसंच वाकून पडून राहिलं, ओझं उतरल्यावरही हमाल काही वेळ वाकूनच चालतो तसं. हिरव्या रेशमाची गाठ सुंदरम्माच्या तळव्यात होती, अख्खी, फासासकट.

"आता?" सोमशेखरनं विचारलं.

"आता काय न्हाय. झोपू द्यायचं."

चनबसप्पानं ते माळ्यावर पत्र्याखाली आडवं ठेवलं, पोटावर, मधोमध वाळूची एक छोटी पिशवी. सोलापूरचा उन्हाळा कुणाच्या कामी आलेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. दुपारी पत्रा तापायचा, लाकूड ऊब घ्यायचं, संध्याकाळी सोडायचं. चिरेत त्यानं सरस, म्हणजे सुताराचा डिंक, भरला, वरून रेशीम गुंडाळलं. चैत्र गेला, वैशाख गेला. दर सोमवारी तो धनुष्याच्या टोकाशी भिंतीवर पेन्सिलची रेघ मारायचा. आधीच्या रेघेपेक्षा सुताएवढी पुढं. कधी तेवढीही नाही. कधीमधी दुपारी पेंगताना मला भिंतीतून ऐकू यायचं, कट्, आणि माझ्या लक्षात यायचं, धनुष्यानं कूस बदलली.

सुंदरम्माही दर सोमवारी यायची. माझ्याकडून पाव किलो चटणी घ्यायची, गरज नसताना. मागच्या सोमवारची संपलेली नसणार हे मला ठाऊक होतं आणि तिलाही ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. मग माळ्याखाली स्टुलावर बसून वर बघायची. शिवयोगी एक गुडघा मोडून झोपायचे, मला तिनं एकदा सांगितलं, आणि मध्येच असा पाय ताणायचे की बाज करकरायची. पहिलं वर्षभर तिला त्या आवाजाशिवाय झोप आली नव्हती. "आनि धनुष्याला मी येक शब्द करू दिला न्हाय," ती म्हणाली. मी चटणीची पुडी तिच्या पिशवीत सारली.

श्रावणात चनबसप्पानं काचेच्या तुकड्यानं लाकूड तासून दोन्ही बाजू सारख्या केल्या. नवी दोरी पिळली. हिरव्या रेशमाचीच, मी बाजारातून लडी आणून दिली. "पयल्यासारखं न्हाय हां व्हनार," त्यानं सोमशेखरला बजावलं. "जेवडं परत आलं तेवडं आलं. आनि बान सुटला की..."

"ठाऊक हाय," सोमशेखर म्हणाला.

दसऱ्याला मी दुकान बंद ठेवलं. चनबसप्पानं कुठं जायचं म्हणून सदरा घातलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. अक्कलकोटच्या पुढं रस्ता खड्ड्यांचा, पण दोन्ही बाजूंना काळी रानं नांगरून तयार, पेरणीची वाट बघत. देवळाच्या कट्ट्याखाली गाव जमलं होतं. गुंडा ओळखायला मला अडचण पडली नाही. तिफणीला टेकून उभा होता, आणि त्याचं तोंड आधीच मैदानाकडे.

"काय सोमशेखर, आज कुटनं पेरायचं?" तो ओरडला. "हेडमास्तरला इचारून आलोय मी!"

पोरं हसली. बायकांनी पदर तोंडाला लावले. सोमशेखर कट्ट्यावर चढला. आज त्याच्या बाहीला बामाचा वास नव्हता. उन्हं कलली होती, सगळ्यांच्या सावल्या शाळेपर्यंत गेलेल्या. त्यानं बाण लावला, ओढला, आणि धनुष्य वाकलं, मधाच्या रंगाचं, हलकं. एक क्षण मला वाटलं, ते ओढलेलंच राहील आणि आपण सगळे इथं असेच उभे राहू. मग दोरी वाजली, आणि बाण गेला.

तो किती वर गेला ते मी सांगू शकत नाही. उन्हात तो दिसेनासा झाला. सगळे धावले. पोरं, गुंडा, तिफण, बैल, पावलं मोजणारा म्हातारा काठी टेकत. सोमशेखर धनुष्य आईच्या हातात देऊन धावला, पन्नाशीचा गडी, धोतर सावरत. चनबसप्पासुद्धा गेला. कट्ट्यावर सुंदरम्मा आणि मी.

मी टाचा उंचावून बघत होते. मला आकडा हवा होता. शाळा ओलांडली हे कळलं, कारण मैदानात कुणी थांबलं नाही. पुढं, शिवेच्या बरंच अलीकडे, धुळीत घोळका झाला आणि गुंडाचा आवाज आला, हेडमास्तर विसरलेला: "माज्या रानात! अरं, माज्या रानात पडला की!" आणि लगेच दुसरा, "पाय मारू नका, मोजू द्या आदी!"

"अव्वा, शिवेपर्यंत नाही, पण मातीत पडला," मी म्हणाले. "गुंडाच्या रानात."

मी वळून बघितलं. सुंदरम्मा कट्ट्यावर खाली बसली होती. धनुष्याचं एक टोक तिनं पायाच्या बोटांत धरलं होतं, गुडघा मुठीवर. "निधान," ती स्वतःशी म्हणाली. थोडं दाबलं, फास सरकवला, आणि धनुष्य एका श्वासात मोकळं झालं. या वेळी कट् नाही, काही नाही.

मग तिनं पिशवीतून वही काढली आणि माझ्याकडे पेन मागितलं. आजच्या सालाची ओळ सोमशेखरनं सकाळीच आखून ठेवली होती. आकड्याची जागा सोडून तिनं पुढं दोन शब्द लिहिले, कानडीत, चौथीच्या गोल अक्षरात, एकेक वळण घेत. लिहून झाल्यावर तिनं पानं मागं उलटली. सुकलेली शेवंती आपोआप सापडली. ती तिनं बाजूला केली, आणि तिथंही, मण्यांसारख्या अक्षरांच्या पुढं, तेच दोन शब्द लिहिले.

शिवेकडून आवाज येत होते. आकडा घेऊन कुणीतरी पळत येत होतं. सुंदरम्मानं वही मिटली आणि धनुष्य चादरीवर आडवं निजवलं.